बहिणाबाईंना फुरसत कुठून मिळाली?

मैत्रिणींनो, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत वेळच नाही हे आपण किती वेळा म्हणतो, कधी मोजलंय का? नळाला पाणी आलं की भांडी लावा, डबे भरा, मुलांना शाळेच्या रिक्षात बसवा, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवा. शेतात निंदणीला बाया सांगितल्या असतील तर त्यांच्या आधी पोचा, नोकरी असेल तर धावत एसटी गाठा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं ते वेगळंच. आणि या सगळ्या धबडग्यात आपण एक उधारीचं खातं उघडून ठेवलेलं असतं. मुलाची दहावी झाली की जरा बसू. सोयाबीन घरात आलं की बहिणीकडे जाऊन येऊ. मुलीचं लग्न उरकलं की स्वतःकडे बघू. दहावी होते, सोयाबीन विकलं जातं, लग्नही पार पडतं, आणि ते निवांत बसणं पुन्हा पुढच्या वर्षावर जातं.

आज जिची गोष्ट सांगायची आहे, त्या बाईच्या वाट्याला असलं निवांतपण कधी आलंच नाही. पहाटेचं दळण, सारवण, शेतातली कामं, तीन लेकरं, तिशीत आलेलं वैधव्य आणि घरात शिरलेला प्लेग. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. तरी झाडाला लटकलेला सुगरणीचा खोपा, जात्यातून गळणारं पीठ, वाऱ्यावर उडणारं भूस, हे सगळं तिनं इतकं जवळून पाहून ठेवलं की तिला जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी आपली मुलं ते पाठ करतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी. नाव तुम्हाला नवीन नाही. पण कवितेखाली धड्यात चार ओळींत छापलेला परिचय आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या चार ओळींच्या मधलं आयुष्य वाचायचं राहून जातं.

बहिणाबाई तर खानदेशच्या, त्यांचा आपल्या बुलढाणा जिल्ह्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. मलकापूर, नांदुऱ्याकडच्या बायका मात्र असं म्हणणार नाहीत. मलकापूरहून रेल्वेत बसलं, भुसावळ ओलांडलं की खानदेशचं जळगाव येतं. (आपलं जळगाव जामोद वेगळं, हे इथं कुणाला सांगायला नको.) जिल्ह्याची हद्द मधे असली तरी सोयरिकी दोन्हीकडे, वांग्याचं भरीत दोन्हीकडे आणि बोलीही तीच. ळ च्या जागी य येणारी, पोळ्याला पोया आणि जळगावला जयगाव म्हणणारी लेवा गणबोली आपल्या या भागातल्या घराघरांत बोलली जाते. बहिणाबाईंची गाणी खानदेशी आणि या गणबोलीच्या मिसळीतली. शहरातल्या वाचकाला जिथं शब्दाचा अर्थ विचारावा लागतो, तिथं आपल्याकडची एखादी आजी नुसती मान डोलावते.

असोद्याची लेक

जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर असोदे नावाचं गाव आहे. तिथल्या महाजनांच्या घरात १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी बहिणाचा जन्म झाला. आई भिमाई, वडील उखाजी महाजन. तीन भाऊ आणि तीन बहिणी. म्हणजे घर भरलेलं. त्या काळी शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला शाळेत घालायची रीत नव्हती. तिची शाळा म्हणजे घर आणि शेत, आणि शिकवणाऱ्या म्हणजे आई, आजी, शेजारपाजारच्या बायका.

तेराव्या वर्षी लग्न झालं. सासर जळगावचं चौधरींचं घर, नवरा नथूजी खंडेराव चौधरी. माहेर हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ. पण सासुरवाशिणीला अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माहेर पाच मैलांवर असो की पन्नास, जायला बोलावणं लागतं आणि सासरची परवानगी लागते. म्हणून बहिणाबाईंच्या गाण्यांत असोद्याची वाट फार येते. वाटेवरची माती, पायाला बसणारे चटके, ठेच लागली तरी पुढेच ओढणारं मन, सगळं येतं. आणि येते ती आखाजी.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात आणि आपल्या मलकापूर पट्ट्यात हा लेकीबाळींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, फुगड्या घालतात, गाणी म्हणतात. वर्षभर खाली मान घालून राबणारी बाई त्या चार दिवसांत झोक्यावर उंच जाते. सण संपला की झोका सुटतो आणि पुन्हा तेच घर, तेच काम. बहिणाबाईंनी या सणाचं गाणं केलं, त्यात हा आनंद आहे आणि तो चार दिवसांचाच आहे ही जाणीवही आहे. म्हणूनच त्यातला एकेक क्षण त्या हातातून निसटू देत नाहीत.

माहेराबद्दलचं त्यांचं एक गाणं तर लेकीच्या आईनं मुद्दाम वाचावं असं आहे. एक योगी सासुरवाशिणीला विचारतो, माहेराचं एवढं कौतुक करतेस तर मग सासरी कशाला आलीस? तिनं दिलेल्या उत्तराचा मतितार्थ असा की उद्या तिच्या लेकीलाही माहेर हवं, आणि ते राखायला कुणीतरी घर धरून बसावं लागतं. आपण सणाला ज्या दारात हक्कानं जातो, ते दार आपल्या आईनं किती वर्षं धरून ठेवलेलं असतं, हा हिशेब आपण सहसा करत नाही. एका बाईचा दुसऱ्या बाईला आधार असतो तो असाही, पिढीच्या पुढे पोचणारा.

घरोटाच्या घरघरीत

आता मूळ प्रश्न. एवढ्या कामात बहिणाबाईंना गाण्याला वेळ कुठून मिळाला?

उत्तर त्यांच्या गाण्यांच्या नावांतच आहे. पेरणी, कापणी, रगडणी, उफणणी. एक गाणं मोटेवरचं, एक पोळ्याचं, एक पेटता न पेटणाऱ्या चुलीचं. आणि एक घरोटाचं. घरोट म्हणजे जातं. वेगळा वेळ काढून त्या कधी बसल्याच नाहीत. हात काम करत होते आणि डोळे, कान, मन त्या कामाजवळच थांबलेलं होतं. जात्याची घरघर चालू आहे, एका हाताने घास घातला जातोय, दुसऱ्या हाताने खुंटा ओढला जातोय, आणि त्या फेऱ्यांच्या तालावर ओवी जमून येतेय. उफणताना वारा पडला की बाकीचे लोक कंटाळून बसतात. बहिणाबाईंनी त्या पडलेल्या वाऱ्याला घरच्या माणसासारखी हाक मारली आणि त्याचं गाणं झालं. सुगरणीचा खोपा शेताच्या वाटेवर सगळ्यांनाच दिसायचा. चोचीखेरीज हत्यार नसलेल्या त्या पक्ष्यानं घर विणलंय, याकडे जरा उभं राहून बघावं असं त्यांना वाटलं.

आपलं काय होतं बघा. आपण पोळ्या लाटताना मनाने बाजारात असतो, बाजारात असताना मुलाच्या क्लासच्या फीमध्ये असतो, आणि रात्री मुलाजवळ बसलो की उद्याच्या भाजीत असतो. कढीला फोडणी घातल्यावर उठलेला वास, धुतलेल्या कपड्यांना लागलेलं ऊन, पहिल्या पावसानंतर गोठ्यामागे फुटलेला तरोटा, हे सगळं आपल्यासमोरूनच जातं. त्याला पैसा लागत नाही आणि सुटीही लागत नाही. लागतं ते एवढंच की हात जिथं आहेत तिथं घटकाभर मनानेही राहायचं.

जात्याचं आणखी एक आहे. मोठं दळण एकटीनं ओढवत नाही. समोर दुसरी बसते, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागतात. एक ओवी सुरू करते, दुसरी पुरी करते. सासूचा जाच, भावाची वाट, लेकराचं आजारपण, जे कुणापाशी बोलता येत नाही ते ओवीत बोललं जातं. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या बहुतेकींनी कधी पाटी हातात धरलेली नव्हती. पीठ दळता दळता या बायकांनी एकमेकींची दुःखंही हलकी केली.

बहिणाबाईंच्या गाण्यांत अशा मैत्रिणीही भेटतात. गावातल्या लोकांच्या नकला करून सगळ्यांना पोट धरून हसवणारी भिवराई त्यातलीच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी भिवराई असेल. ती आली की पापड लाटायचं काम अर्ध्या वेळात होतं आणि कंबरही दुखत नाही.

तिशीत आलेलं संकट

हे सगळं वाचून बहिणाबाई म्हणजे सदा आनंदी, काही न लागलेली बाई, असं वाटायला नको. त्या तीस वर्षांच्या असताना नथूजी गेले. पदरी ओंकार, सोपान आणि काशी ही तीन मुलं. धाकटा सोपान १९०७ सालचा, म्हणजे त्याला बाप नीट आठवतही नसणार. घरची ओढगस्त सुरू झाली. त्यात प्लेगच्या साथी. त्यांच्या बोलीत पिलोक. घरोघरची माणसं नेणाऱ्या या रोगानं ओंकारलाही गाठलं. तो जगला, पण कायमचा अपंग झाला.

विधवा बाईचं त्या काळचं जगणं काय होतं, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. कुंकू पुसलेलं, हात मोकळे, शुभकार्यात मागे उभं राहायचं. वर शेजारपाजारची कीव. बहिणाबाईंनी या दुःखाचीही गाणी केली. नशीब सांगायला आलेल्या ज्योतिष्याला हात न दाखवता दारावरूनच परत पाठवणारं गाणं त्यांचंच. त्यांनी रडून घेतलं आणि मग लेकरांकडे बघून पदर खोचला. दुःख झालं नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

हे मुद्दाम लिहिते, कारण बहिणाबाईंच्या ओळी आपल्याला पुष्कळदा वेगळ्याच कामासाठी ऐकवल्या जातात. घरातल्या बाईनं तक्रार केली की संसारात चटके बसायचेच, असं म्हणून तिला गप्प बसवलं जातं. बहिणाबाईंनी चटके सोसले हे खरं, पण त्या गप्प बसल्या नाहीत. चूल पेटेना तेव्हा चुलीवर चिडल्या, आजूबाजूच्या अनागोंदीवर बोलल्या, माणूस माणसासारखा वागत नाही म्हणून त्यालाही त्यांनी सुनावलं. छोट्या गोष्टींत आनंद घ्यायचा म्हणजे मोठ्या गोष्टींबद्दल तोंड मिटायचं, असा अर्थ त्यांच्या आयुष्यातून निघत नाही.

त्यांचं कुतूहलही तसंच ताजं होतं. जळगावात नानाजींचा छापखाना होता. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या बहिणाबाईंना ते छपाईचं यंत्र बघून काय वाटावं? त्यांचं मन तिथं रमलं. त्यांनी त्या छापखान्याचंही गाणं केलं आणि त्यातच माणसाच्या शहाणपणाला चिमटाही काढला.

ऐकणारा कान

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मग ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी?

हकीकत अशी सांगतात. सोपाननं शाळेच्या पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा आईला वाचून दाखवला. आईनं ऐकून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गोष्टीचं गाणं तिच्या तोंडी तयार होतं. मुलगा चकित झाला आणि त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. पुढे सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तसं, जमेल तेव्हा लिहून घेत राहिले. सोपानदेव स्वतःही नावाजलेले कवी झाले. आईचं बोलणं दोन घटका थांबून ऐकावं असं त्या मुलाला वाटलं नसतं, तर बहिणाबाई असोदे आणि जळगावच्या चार घरांपलीकडे कुणाला ठाऊकही झाल्या नसत्या. तरी कितीतरी गाणी निसटलीच. जी गाताना जवळ कुणी वही घेऊन बसलेलं नव्हतं, ती त्यांच्याबरोबर गेली.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंनी डोळे मिटले. हयातीत त्यांचं पुस्तक निघालं नाही. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना ती गाणी वाचून सोनं सापडल्यासारखं झालं. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं आणि साऱ्या महाराष्ट्राला या बाईचं नाव कळलं. १९६१ सालच्या ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांची गाणी लोकांच्या ओठांवर गेली. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिचं नाव आता पदवीच्या प्रत्येक कागदावर छापलेलं असतं.

इथं आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची आठवण येते. बहिणाबाई दोन वर्षांच्या होत्या तेव्हा, १८८२ साली, ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत होते, त्यांनी मुलीला शिकवलं म्हणून ती लिहू शकली. पुस्तकावर टीकेची झोड उठली. महात्मा फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, पण त्यांच्यासारखे फार थोडे. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांसमोर आलं. एकीला अक्षर येत होतं, एकीला येत नव्हतं. पण बाईचं बोलणं टिकायचं तर तिच्या बाजूला कुणीतरी उभं असावं लागतं, हे दोघींच्याही बाबतीत खरं ठरलं.

आपल्या घरातली वही

मग आपण यातून घ्यायचं काय? आपण सगळ्याच काही कवयित्री होणार नाही, आणि जात्यावर दळायलाही आता कुणी बसणार नाही. गिरणी आली हे चांगलंच झालं. पण गिरणीनं, मिक्सरनं, गॅसनं वाचवलेला वेळ गेला कुठे, हे एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही. बराचसा मोबाइलच्या पडद्यावर आणि बराचसा उद्याच्या काळजीत जातो.

कामं थोडी जोडीनं करून बघा. उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया एकटीनं रेटण्यापेक्षा चार घरच्या चौघी एका अंगणात बसल्या तर काम सरतं आणि बोलणंही होतं. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं उगाच बसा. एखादीचा चेहरा उतरलेला असेल तर तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही, बसल्यावर दिसतो. घरातल्या पुरुषांनाही यात ओढा. भाजी निवडायला बसलेला नवरा किंवा मुलगा दोन गोष्टी जास्त ऐकतो, आणि आईचं गाणं वहीत उतरवणारा मुलगाच होता, हे त्याला जरूर सांगा.

आणि एक काम या आठवड्यातच करा. तुमच्या घरात किंवा शेजारी सत्तरी ओलांडलेली एखादी बाई असेलच. आजी असेल, सासू असेल, नाहीतर गल्लीतली एकटी राहणारी मावशी असेल. दुपारी तिच्याजवळ जाऊन बसा. तिला जात्यावरची ओवी विचारा, आखाजीचं किंवा भुलाबाईचं गाणं विचारा, तेही आठवत नसेल तर तिच्या लग्नातला मांडव कसा होता ते विचारा. सुरुवातीला ती म्हणेल, मला काय येतंय! थोडा वेळ थांबा. मग ती बोलायला लागेल. मुलीला सांगा, मोबाइल त्यासाठीही वापरता येतो, आजीचा आवाज त्यात ठेवून दे. नाहीतर साधी शंभर पानी वही घ्या आणि लिहून काढा, तिच्याच बोलीत, शब्द न बदलता.

बहिणाबाईंना ऐकणारा सोपान मिळाला. आपल्या घरातल्या बहिणाबाईला कोण आहे, ते आज दुपारचं काम आटोपलं की बघा.